घरटी एक संडास

बाबा लालबागच्या चाळीतले. १० बाय १२च्या खोलीत आम्ही सात जण, आणि मजल्यावरच्या वीस बिऱ्हाडांना मिळून टोकाला चार संडास. गिरणीच्या साचेखात्यातली, म्हणजे विणकामाच्या खात्यातली, पहिली पाळी गाठायची तर अंधारातच डबा घेऊन रांगेत उभं राहायचं. म्हणून मागच्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे इंग्लंडात लीड्सला आले, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी साल्टेअरला नेलं.

ब्रॅडफर्डजवळचं हे गाव टायटस सॉल्ट या लोकरगिरणीच्या मालकाने वसवलं. १८४९मध्ये ब्रॅडफर्डात कॉलऱ्याने माणसं मेली होती, गरिबांची बिऱ्हाडं तळघरांत कोंबलेली असायची. सॉल्टने गिरणीच शहराबाहेर काढली. ती १८५३मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिच्याभोवती आठशेवर घरं उभी राहिली. लॉकवूड आणि मॉसन या वास्तुविशारदांनी काढलेली, पिवळसर दगडाची, स्लेटच्या छपरांची.

माझी मैत्रीण अशाच एका घरात राहते. पुढे बसायची खोली, मागे मोरीसकट स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, खाली तळघर. तळघराच्या दगडी पायऱ्या मधोमध एवढ्या झिजल्यात की बाबा भिंतीला धरून उतरले. मागच्या फरसबंद अंगणात एक बुटकी दगडी खोली आहे. आता तिथे सायकल असते.

"हा या घराचा संडास होता," मी म्हटलं.

"एकट्या घराचा?"

त्यांना खरंच वाटेना. शेजारच्या अंगणात डोकावून आले.

मुकादमांची घरं मात्र मोठी, पुढे बाग असलेली. कामगाराचं दार थेट रस्त्यावर उघडतं. एका बागेपाशी थांबून बाबा न सांगताच म्हणाले, "हा जॉबर." मुंबईच्या गिरण्यांत मुकादमाला जॉबर म्हणत. गल्ल्यांना मालकाच्या बायकोमुलांची नावं, आणि तेव्हा गावात दारूचा गुत्ता नव्हता, कारण मालकाला नको होता. घर कंपनीचं म्हटलं की नोकरीबरोबर छप्परही जायची धास्ती आलीच. १९३३मध्ये घरं कंपनीच्या हातून गेली, मग राहणाऱ्यांना ती विकत घेता आली. तरीही त्या माणसाने विणकराला स्वतःचं दार, जिना आणि संडास दिला, हे मला फार मोठं वाटतं.

चहा झाल्यावर बाबा उठले आणि पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलाला पाऊल लावत चालले. मग आडवे.

"आपली अख्खी खोली बसते इथे," ते म्हणाले, आणि जिन्याकडे बघत राहिले.