पावसाचे आकडे मिळाले, सही मिळेना

पीएच.डी.साठी पावसाची आकडेवारी हवी म्हटलं की जो तो हवामान खात्याच्या नावाने बोटं मोडतो. खात्याने मला कुठेच अडवलं नाही. अडवलं ते माझ्याच कॉलेजच्या ऑफिसने.

ज्यांचं ग्रिडच्या, म्हणजे नकाशाच्या एकेका चौकटीसाठी काढलेल्या, डेटावर भागतं त्यांनी सहीच्या भानगडीत पडूच नये. खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत फुकट मिळतो. वर्षाला एक फाईल, घ्या उतरवून. पण पाव अंश म्हणजे साधारण २७ किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की हजाराच्याही आत. माझं कामच या फरकावर, आणि चौकटीत नेमका तोच पुसट होतो. म्हणून पर्जन्यमापक केंद्रांचे मूळ आकडे हवे होते.

त्यासाठी ऑनलाइन अर्ज आणि सोबत हमीपत्र: डेटा याच संशोधनासाठी वापरीन, तिसऱ्या कुणाला देणार नाही. खाली गाइडची आणि संस्थाप्रमुखांची सही, शिक्का.

"मॅडम, आपल्याकडे असा नमुना नाही."

"नमुना त्यांचा आहे भाऊसाहेब, सरांनी फक्त सही करायचीय."

"तेच तर. दुसऱ्याच्या कागदावर सर सही करत नाहीत."

मग गाइडचं पत्र आणा, विभागप्रमुखांची शिफारस आणा. आणली. मग कुणाची तरी नजर 'तिसऱ्या कुणाला' या शब्दांवर गेली. उद्या डेटा लीक झाला तर जबाबदार कोण? चाळीस वर्षांपूर्वीच्या जुलैत किती पाऊस पडला हे लीक होणार! फाईल संशोधन समितीकडे गेली. अध्यक्ष पेपर तपासायला कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावर. ते आले, फाईल परत आली, तिच्यावर हिरव्या शाईत दोनच शब्द: 'चर्चा करावी.' कुणी, कुणाशी, काही नाही.

शेवटी सगळी जबाबदारी माझी असं लिहून दिलं, वर केंद्र सरकारच्या २०१२ च्या डेटा खुला करण्याच्या धोरणाची प्रत जोडली. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही, पण फाईल जाड झाली आणि त्याचा उपयोग झाला. प्राचार्य जिन्यात भेटले, तिथेच पेन पुढे केलं. सही झाली. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपाईकाकांकडे.

पुढचं सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हो, एक राहिलं. केंद्रं निवडण्याआधी कुठल्या केंद्राची कुठल्या वर्षांची नोंद आहे ते विचारून घ्या; मधली वर्षं गायब असलेली केंद्रं भरपूर. आणि तारखांकडे लक्ष ठेवा. नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची असते. मुंबई बुडाली २६ जुलै २००५ ला, पण सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ तारखेच्या सकाळच्या नोंदीत सापडतात. त्याच नोंदीत कुलाब्याला जेमतेम ७३. ग्रिड का पुरत नाही असं गाइडने विचारलं तर हे दोन आकडे पुढे करा.

आता आमच्याच विभागातल्या एका मुलीने तसाच अर्ज टाकलाय. नमुना या वेळी ऑफिसात आहे. तरी फाईल समितीकडे गेलीच.