पहिली बरी की दुसरी?

बडोद्याच्या रावपुऱ्यात माझं चष्म्यांचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. नंबर तपासताना ट्रायल फ्रेममध्ये एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "पहिली बरी की दुसरी?" दिवसातून शंभरदा तरी हा प्रश्न माझ्या तोंडून जातो. गोल्फच्या स्विंगबद्दल, म्हणजे काठी फिरवून बॉल मारण्याबद्दल, मात्र तो विचारायचं मला फार उशिरा सुचलं. तुमच्यापैकी कोणी नव्याने खेळायला लागलं असेल, तर त्याचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

मी खेळतो ते लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात. प्रतापसिंहराव महाराजांनी १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी तिथे गोल्फचं मैदान करवून घेतलं. पुढे १९९० च्या दशकात त्यांच्या नातवाने, समरजितसिंहांनी, जे स्वतः रणजी खेळलेले, ते नव्याने तयार करून सगळ्यांसाठी खुलं केलं. म्हणून तर माझ्यासारखा दुकानदार रविवारी सकाळी राजवाड्याचा मनोरा समोर ठेवून बॉल मारू शकतो. त्या हिरवळीवर पाऊल ठेवताना मला आजही भरून येतं.

माझा आजार जुना आणि सर्वांच्या ओळखीचा: स्लाइस. बॉल सुटायचा जरासा डावीकडे आणि मग हवेत वळून उजवीकडच्या झाडांत. हे पाहिलं की शेजारी उभा असलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय राहत नाही. "काका, माथुं नीचे राखो." पलीकडचा म्हणायचा, डावा हात ताठ ठेवा. तिसरा म्हणायचा, जोर कमी करा. सगळे मनापासून सांगणारे, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एका सकाळी पाच सूचना पाळल्या आणि एखादा बॉल सरळ गेला, तर तो कशामुळे गेला? ट्रायल फ्रेममध्ये एकदम पाच काचा बदलून गिऱ्हाइकाला "आता बरं दिसतंय का?" विचारण्यासारखंच ते. हो म्हणाला तरी मला काहीच कळणार नाही.

सगळ्यात आधी साक्ष काढायची ती बॉलची. बॉल निघतो कुठल्या दिशेला, हे मुख्यतः क्लबफेस (क्लब म्हणजे मारायची काठी, फेस म्हणजे तिचा बॉलला लागणारा सपाट भाग) आघाताच्या क्षणी कुठे बघत होता त्यावर ठरतं. हवेत वळतो तो फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. माझा बॉल डावीकडे निघत होता, म्हणजे फेसही डावीकडेच बघत होता. मग उजवीकडे का वळायचा? कारण क्लब त्याहूनही जास्त डावीकडे चालला होता, बाहेरून आत कापत. त्या मार्गाच्या हिशेबात फेस उघडाच, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहत होता. हे उमगल्यावर नुसतं मनगट वळवून फेस बंद करण्याचा नाद मी सोडला.

मग व्हिडिओ. पुतणीने पहिला काढला तो तिला जिथे सावली मिळाली तिथून, तिरका. त्यात क्लब चक्क आतून येताना दिसत होता! कोन जरा हलला की दिसणं बदलतं, हे तर माझ्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. पुढच्या रविवारी फोन तिपाईवर लावला: माझ्या मागे, हातांच्या उंचीवर, हातांच्याच रेषेत आणि निशाणाच्या रेषेला समांतर. दुसरा घेतला छातीसमोरून. दोन्ही स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रं. तरीही आघात त्यात सापडत नाही. बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटतात ते सेकंदाच्या जेमतेम दोन-हजाराव्या भागापुरते, आणि दोन चित्रांच्या मधल्या वेळात क्लबचं डोकं बारा-पंधरा सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं. त्यामुळे बॉल फेसवर कुठे लागला हे बघायला मी टाल्कम पावडर वापरतो. फेसवर बोटाने पातळ थर द्यायचा, बॉल मारला की गोल ठसा उठतो.

गोल्फ शिकवणाऱ्या आमच्या सरांना व्हिडिओ दाखवताना "कसा आहे माझा स्विंग?" असं या वेळी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "सर, क्लब बाहेरून का येतोय?"

त्यांनी तीनदा बघितलं. मग व्हिडिओ मागे नेत नेत पार सुरुवातीला आणला, मी बॉलपाशी नुसता उभा आहे तिथे, आणि बोट ठेवलं. "तुमची हनुवटी बघा."

हनुवटी छातीत रुतलेली होती. टी-शर्टची कॉलर तिच्याखाली दुमडून गेली होती. मागे स्विंग घेताना डावा खांदा हनुवटीखालून जायला हवा, त्याला जागाच नव्हती. तो अर्ध्यात अडकायचा, अंग वळायचं थांबायचं, आणि खाली येताना हात बाहेरून फेकले जायचे. "डोकं खाली" ऐकून ऐकून मी ती आणखी रुतवली होती.

पण मुळात ती खाली का गेली, हे सरांना कळायचं काही कारण नव्हतं. मला तिथल्या तिथे कळलं. माझं वय एक्कावन्न, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्याच्या खालच्या भागात वाचायचा नंबर, हातभर अंतरासाठी. बॉल डोळ्यांपासून जवळजवळ पावणेदोन मीटर लांब. खालच्या भागातून तो पुसट दिसतो, म्हणून मी मान वाकवून वरच्या भागातून बघत होतो. प्रोग्रेसिव्ह नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मीच सांगतो, "जिना उतरताना मान खाली घाला." तेच मी बॉलपाशी करत होतो.

घरी जुन्या फ्रेममध्ये फक्त लांबच्या नंबरच्या काचा बसवल्या. आणि मग माझा रोजचा प्रश्न. सात नंबरचं आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब), तीच ग्रिप, तीच जागा. दहा बॉल प्रोग्रेसिव्ह लावून, दहा दुसरा चष्मा लावून, पुन्हा तसेच दहा-दहा. पुतणी वहीत टिपत होती. प्रोग्रेसिव्ह लावून वीसपैकी चौदा झाडांच्या दिशेने गेले. दुसऱ्या चष्म्याने पाच. तेवढ्या वेळात मी दुसरं काही म्हणजे काही बदललं नाही, मोह खूप झाला तरी.

चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूंना माझं कळकळीचं सांगणं आहे: सरांना दोष विचाराल तेव्हा कुठला चष्मा लावून खेळता तेही सांगा. व्हिडिओतही तोच लावा. आणि स्विंग पाठवताना चांगला निवडून पाठवू नका. मी सलग पाच पाठवतो, झाडांत गेलेलेही त्यात असतात, आणि कुठला बॉल कुठे गेला ते बाजूला लिहितो.

आता बॉल उजवीकडे वळतो तो थोडासाच. पावडरचा ठसा मात्र अजून फेसच्या मधोमध उठत नाही, बोटभर टाचेकडे, म्हणजे दांडा जोडलेल्या बाजूला, उठतो. बॉलपासून अंतर चुकतंय की खाली येताना मी पुढे झुकतोय? रविवारी सरांना एवढंच विचारणार आहे. छातीसमोरचा व्हिडिओ यात उपयोगाचा नाही, मागचा लागेल. फोनची तिपाई आत्ताच पिशवीत टाकून ठेवली आहे.