जिल्ह्याला ऑरेंज, आपल्याकडं ऊन

"वेधशाळेनं पाऊस सांगितलाय ना? मग छत्री घरीच ठेवा." हा विनोद इतका जुना झालाय की त्यावर आता कुणी हसतही नाही. राग मात्र ताजाच असतो. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत गेले होते. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून पेरलं, पावसानं ओढ दिली, बियाणं वाया गेलं, असं त्यांचं म्हणणं. राग रास्तच आहे. पण अंदाज चुकला म्हणायच्या आधी तो नेमका काय होता, हे बघावं लागतं.

बुलेटिनमधली नेहमीची एक ओळ घ्या: "पुणे घाट परिसरात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता." यातला प्रत्येक शब्द मोजून ठरवलेला असतो. मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी, अति मुसळधार म्हणजे ११५.६ ते २०४.४ मिमी आणि त्यापुढं अत्यंत मुसळधार. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी', ७५ पर्यंत 'बऱ्याच ठिकाणी', त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'.

म्हणजे निदान तीन चतुर्थांश ठिकाणी तेवढा पाऊस पडणार नाही, हे त्याच ओळीत सांगितलेलं आहे. बातमीत मात्र 'तुरळक' गळतं, 'घाट परिसर' गळतो आणि 'पुण्याला ऑरेंज अलर्ट' (पिवळ्याच्या वरचा, तयारीत राहायचा इशारा) एवढंच उरतं. ताम्हिणीत धो धो कोसळत असतो आणि कोथरूडमधला माणूस गॅलरीत उभा राहून वेधशाळेचा उद्धार करतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सह्याद्रीच्या पूर्वेच्या पायथ्याशी वाईला तो हजाराच्याही खाली असतो. दोन्ही गावं एकाच सातारा जिल्ह्यात, अंतर तीसेक किलोमीटर. जिल्ह्याला एकच रंग दिला की यातल्या एका गावाला तो खोटा वाटणारच. म्हणून तर खातं आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं. तो वेगळाच वाचा.

घड्याळाचाही घोळ आहे. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. बुधवारचा इशारा गुरुवारी सकाळी साडेआठपर्यंत लागू असतो. बुधवारी दिवसभर ऊन पडलं, रात्री दोनला झोडपलं, तर अंदाज बरोबर आला. पण शाळेला सुट्टी दिली बुधवारी, त्यामुळं घराघरांतली चिडचिडही बुधवारचीच. शिवाय मोजलेला पाऊस गुरुवारच्या तारखेला लिहिला जातो, म्हणजे वाद घालायला आणखी एक निमित्त.

निसर्ग चक्रीवादळाचं उदाहरण बघा. हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान, अलिबागजवळ ते किनाऱ्याला धडकेल, असं सांगितलं होतं. ३ जून २०२० ला ते अलिबागच्या थोडं दक्षिणेला धडकलं. याहून अचूक काय हवं? श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरकडं नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मुंबई थोडक्यात वाचली, म्हणून मुंबईपुरता निष्कर्ष निघाला की उगाच घाबरवलं.

आता खरोखर चुकतं ते. वळवाचा ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो आणि तास-अर्ध्या तासात विरून जातो. पुण्यातला 'अर्का' आणि नोएडातला 'अरुणिका' हे महासंगणक आल्यावर २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीम या अंदाजाच्या संगणकी मॉडेलची जाळी, म्हणजे नकाशावरची एकेक चौकट, ६ किलोमीटरची आहे, त्याआधी ती १२ होती. एवढा ढग त्या जाळीच्या एक-दोन चौकटींतच मावतो, आणि एखादी गोष्ट मॉडेलला नीट दिसायला तिनं बऱ्याच चौकटी व्यापाव्या लागतात. म्हणून असा पाऊस मॉडेल पाहत नाही, आजूबाजूच्या उष्णतेवरून आणि बाष्पावरून तो गृहीत धरतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये आपलं गाव भिजेल की शेजारचं, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. सांगणारा थापा मारतोय असं खुशाल समजा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ सुद्धा नाही.

तिथं रडार कामाला येतं, पण फक्त पुढच्या दोन-तीन तासांसाठी. त्याचीही मर्यादा आहे. रडारची शलाका, म्हणजे त्यानं सोडलेला लहरींचा झोत, अर्धा अंश वर धरलेली असली, तर २०० किलोमीटरवर ती जमिनीपासून चार किलोमीटर उंच गेलेली असते. त्याखालचा पाऊस तिला दिसत नाही. मुंबईच्या रडारला पूर्वेकडं सह्याद्रीही आडवा येतो.

हंगामाचा अंदाज हे तर वेगळंच प्रकरण. 'सरासरीच्या १०५ टक्के' हा आकडा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा आणि अख्ख्या देशाचा असतो. सरासरी ८७ सेंटीमीटर, एप्रिलच्या अंदाजात चुकीला मुभा कमी-जास्त पाच टक्के. पावसाचा खंड कधी पडेल, माजलगावात किती पडेल, यातलं त्यात काहीच नसतं. त्यावर पेरणी ठरवणं धोक्याचं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नेहमीची तारीख ११ जून. लगेच त्याची वाटचाल थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. ज्यांनी तारीख बघून पेरलं ते अडकले. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय आणि वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, म्हणजे पेरायचं नाही, हा कृषी खात्याचा सल्ला कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारं कृषी हवामान बुलेटिन त्यासाठी वाचावं, एप्रिलची बातमी नाही.

खात्याला धारेवर धरायचं तर आधी आपलं मोजमाप हवं. १६ सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं घ्या. त्याचं तोंड सुमारे २०० चौरस सेंटीमीटरचं भरतं, म्हणजे २० मिली पाणी बरोबर १ मिमी पाऊस. व्यास वेगळा असेल तर क्षेत्रफळाला दहानं भागा, तेवढे मिली म्हणजे १ मिमी. खाली ५ लिटरचा कॅन ठेवा, त्यात २५० मिमी मावतो. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी दिवसातून दोनदा रिकामा करावा. नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंच आणि सपाट हवी. फरशीवर ठेवलं तर शिंतोडे उडून आत जातात, गच्चीच्या कठड्याशी ठेवलं तर वाऱ्याच्या भोवऱ्यानं पाऊस कमी भरतो. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. रोज साडेआठलाच मोजा.

पण एका कॅनवरून जिल्ह्याचा निकाल लावू नका. महसूल मंडळांचे (तालुक्यातल्या काही गावांच्या गटांचे) आकडे 'महारेन' या सरकारी संकेतस्थळावर रोज मिळतात, ते शेजारी लिहा. बुलेटिनचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

नुसती टक्केवारी काढाल तर मात्र फसाल. १८८४ मध्ये अमेरिकेत फिन्ले नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं टोर्नेडोचे अंदाज दिले. २८०३ पैकी २७०८ बरोबर, म्हणजे ९६.६ टक्के. लगेच कुणीतरी दाखवून दिलं की रोज नुसतं 'टोर्नेडो येणार नाही' म्हटलं असतं तर ९८.२ टक्के बरोबर आले असते. व्हॉट्सॅपवरच्या 'हवामान अभ्यासकां'चं हेच, फक्त उलट. 'जुलैत १२ ते १६ दरम्यान राज्यात पाऊस' हे विधान चुकणार तरी कसं?

म्हणून तीन रकाने पाडा. समजा, जूनपासूनच्या १२२ दिवसांत मुसळधारचे २० इशारे आले, १२ खरे ठरले, ८ फुकट गेले आणि ४ दिवस इशारा नसताना कोसळला. एकूण १६ मुसळधार दिवसांपैकी १२ पकडले, म्हणजे ७५ टक्के. २० पैकी ८ फुकट, म्हणजे ४० टक्के. फुकटचे इशारे थोडे जास्तच येणार, कारण हुकलेला एक इशारा जीव घेऊ शकतो आणि फुकट गेलेला फक्त सुट्टी घेतो. अर्थात रोजच पिवळा रंग दिसू लागला की लोक बघायचं सोडतात, हा दोष खात्याच्या पदरात घालावाच लागेल. पण जाब विचारायचा तो मुख्यतः त्या ४ दिवसांचा: तारीख, मंडळाचा आकडा आणि आदल्या दिवशीच्या बुलेटिनचा फोटो, तिन्ही सोबत जोडून.