मी तसं म्हटलंच नव्हतं

गेल्या महिन्यातली गोष्ट. पाहुणे आले, गप्पा रंगल्या, जेवणं निम्म्यावर आली आणि बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी बोलावलं.

"श्रीखंड कुठंय?"

"कसलं श्रीखंड?"

"येताना श्रीखंड घेऊन ये म्हणून दुपारी सांगितलं नव्हतं?"

"तू म्हणालीस, गोड काही मिळालं तर आण. मला नाही मिळालं."

घरात चार केळी होती म्हणून शिकरणावर निभावलं. पाहुणे लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर खटला पुन्हा उभा राहिला. एरवी असे खटले पुराव्याअभावी बारगळतात, पण या वेळी पुरावा होता. तिने दुपारी व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवला होता. फोन ओट्यावर ठेवला आणि आम्ही दोघं त्याच्यावर वाकून ऐकू लागलो.

"अरे, ती दोघं संध्याकाळी येतायत. घरात गोडाचं काही नाहीये. बघ."

दहा शब्द. त्यात श्रीखंड नव्हतं, 'आण' नव्हतं, आणि माझं 'मिळालं तर'ही नव्हतं. होता तो फक्त 'बघ'. संसारातल्या या 'बघ'मध्ये विनंती, हुकूम आणि ताकीद असं तिन्ही एकदम नांदतं. तिने त्यातला हुकूम लक्षात ठेवला, मी पळवाट. आणि गंमत म्हणजे दोघांनाही एकमेकांची वाक्यं कानात स्पष्ट ऐकू येत होती. मला तर तिचा 'मिळालं तर'चा सूरसुद्धा आठवत होता!

ऐकलेलं वाक्य डोक्यात किती वेळ टिकतं, याचा एक सुंदर प्रयोग जॅकलिन सॅक्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1967 साली प्रसिद्ध केला. लोकांना टेपवरून छोटे उतारे ऐकवायचे, मध्येच थांबवायचं आणि एक वाक्य पुन्हा म्हणून दाखवायचं: मघाशी ऐकलंत ते हेच, की बदललंय? दुर्बिणीच्या शोधावरच्या उताऱ्यात एक वाक्य होतं, त्याने गॅलिलिओला त्याबद्दल पत्र पाठवलं. लगेच विचारलं तर लोक कुठलाही फरक पकडत. पण मध्ये आणखी ऐंशी अक्षरांचा, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाचा मजकूर गेला, की 'गॅलिलिओला पत्र पाठवलं' आणि 'गॅलिलिओला पत्र पाठवलं गेलं' यांतला फरक त्यांना कळेनासा होई. उत्तर देत, पण ते जवळजवळ छापा-काटाच. मात्र 'गॅलिलिओने त्याला पत्र पाठवलं' असा अर्थच उलटवला, की चटकन चोरी पकडत.

म्हणजे मन शेंगा खातं आणि टरफलं टाकून देतं. टरफलं कुणी टाकली यावरून वाद घालण्याची तर आपल्याकडे थोर परंपराच आहे.

आमच्या ओट्यावरच्या फोनसारखाच, पण जगाला हादरवणारा पुरावा अमेरिकेत एकदा सापडला होता. वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीत झालेली घुसखोरी आणि तिच्यावर घातलेलं पांघरूण यांच्या चौकशीत, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे वकील जॉन डीन यांनी जून 1973 मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. सुरुवातीचं निवेदनच 245 पानांचं. कुठल्या तारखेला कोण काय म्हणालं, हे त्यांनी इतकं तपशिलात सांगितलं की लोक त्यांना चालताबोलता टेपरेकॉर्डर म्हणू लागले. पुढच्याच महिन्यात उघड झालं की निक्सनच्या कचेरीत खराखुरा टेपरेकॉर्डरही चालूच होता. संभाषणांच्या प्रती यथावकाश बाहेर आल्या आणि उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने साक्ष आणि टेप शेजारी शेजारी ठेवून 1981 साली त्यावर निबंध लिहिला.

15 सप्टेंबर 1972 ची भेट घ्या. डीन सांगतात, अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं, माझं काम चांगलं चाललंय हे त्यांच्या कानावर आहे म्हणाले, काम किती अवघड आहे याची जाणीव असल्याचंही म्हणाले. टेपवर यातलं काही नाही. साधं 'बसा'सुद्धा नाही. डीनना आठवत होतं ते झालेलं संभाषण नव्हे, तर अशा प्रसंगी जे व्हायला हवं आणि आपल्याला जे ऐकायला आवडलं असतं ते. माणूस खोटारडा म्हणावा, तर मुद्दा खराच होता: निक्सनना प्रकरण दडपलं जातंय हे ठाऊक होतं. वाक्यं जवळजवळ सगळी चुकली आणि साक्ष बरोबर निघाली. मला हे वाचून डीनबद्दल आपुलकी वाटली. श्रीखंडाच्या बाबतीत बायकोचं अगदी हेच झालं होतं, हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही.

एका भेटीबाबत डीनची स्मरणशक्ती बरीच चांगली ठरली. 21 मार्च 1973 ची. 'अध्यक्षपदाला कॅन्सर झालाय' हे त्यांचं गाजलेलं वाक्य त्याच दिवशीचं. पण तिथे काय बोलायचं याची तयारी ते आधी करून गेले होते. थोडक्यात, पाठांतर.

पाठांतर म्हटलं की मराठी माणसाचा ऊर भरून येतो. माझाही येतो. पंधराचा पाढा मी अजून एका दमात म्हणतो: पंधरा सक्क नव्वद, पंधरा साते पाचोदरसे. या 'पाचोदरसे'चा अर्थ 'पाच उत्तर शे', म्हणजे शंभरावर पाच, हे मला चाळिशीत कळलं. तोवर ते नुसतं एक खडखडणारं अक्षरांचं डबडं होतं, आणि म्हणूनच की काय, शाबूत राहिलं. अर्थच माहीत नसेल तर मन शेंगा कुठल्या खाणार? टरफलंच जपून ठेवतं.

पण नेहमी तेवढंही सुख नाही. न कळलेल्या शब्दात आपला अर्थ घुसवायची मनाला भारी खोड. गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना'च्या ठिकाणी आमच्या वाड्यातली समस्त पोरं 'फळीवर वंदना' म्हणत, कारण गणपती फळीवर बसवलेला डोळ्यांसमोर दिसत होता. 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' झालं, कारण संकष्टीला साबुदाण्याची खिचडी मिळे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला देऊन काही दिवसांनी सांगायला लावली होती. 1932 च्या त्यांच्या पुस्तकात ती हकिगत आहे. गोष्टीतली आदिवासींची होडकी परत सांगताना साध्या नावा झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली. केंब्रिजची पोरंही 'फळीवर वंदना'च म्हणत होती म्हणायची.

ही खोड आपल्या वेदपाठींना फार पूर्वी उमगली असावी. म्हणून तर त्यांनी घनपाठासारखा बंदोबस्त केला. पहिला शब्द-दुसरा, मग दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, उलट तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा सुलट. पुढची जोडी घेऊन तेच. उलट म्हणताना वाक्याचा अर्थ मोडतो, त्यामुळे अर्थाच्या भरवशावर शब्द दडपता येत नाही.

मी हे वाण्याच्या यादीवर करून पाहिलं. साखर पोहे, पोहे साखर, साखर पोहे रवा, रवा पोहे साखर, साखर पोहे रवा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत हे पुटपुटत गेलो. एरवी तोंडी यादीतलं पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, मधलं हमखास गळतं. त्या दिवशी रव्यापर्यंतचं एक अक्षर गळलं नाही. पुढे डाळ, जिरं आणि काडेपेटी होती, ती राहिली. शिवाय वाण्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

हे सगळं मी इतकं कोळून प्यायलो त्यामागे खरं तर श्रीखंड नाहीच. चकल्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी म्हणालो होतो, "चकली जरा कडक झालीय का?" बायकोच्या आठवणीतलं वाक्य आहे, "आमच्या आईच्या चकल्या अशा नसतात." बावीस दिवाळ्या हे वाक्य माझ्या नावावर आहे. मी शपथेवर सांगतो की 'आई' हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. तेव्हा घरात टेप चालू नव्हती, आणि आज मला भीती अशी की असती, तर कदाचित दोन्ही वाक्यं निघाली नसती. पण घास चावताना मला आईच्या चकल्या आठवल्या होत्या, हे खरंय. तिने ऐकलं ते हेच.

यंदाच्या दिवाळीत चकलीची पहिली ताटली समोर आली तेव्हा मी डीनसारखी तयारी केली. तुकडा तोंडात ठेवला, वाक्य मनात दोनदा घोकलं, उलटसुलट करून पाहिलं. तीनच शब्द ठेवले.

"चकली छान झालीय."

ती झाऱ्या तसाच हातात धरून वळली. "म्हणजे? यंदा?"