गोठवलेली स्ट्रॉबेरी आणि नाशिकची वाइन
काल आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घरी बारा जण जेवायला होते आणि त्यांच्यासाठी मी प्रथमच स्पार्कलिंग (बुडबुडे असलेल्या) वाइनचा पंच, म्हणजे फळांचा रस मिसळलेले पेय, केले. महाबळेश्वरची अर्धा किलो स्ट्रॉबेरी चिरून आदल्या रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवली होती, कारण बर्फ वितळला की पंच पाणचट होतो, तर गोठवलेली फळे त्याला गारही ठेवतात आणि आपली चवही त्यात उतरवतात. नागपुरी संत्र्यांचा रस, थोडे लिंबू आणि पुदिना मोठ्या काचेच्या भांड्यात एकत्र करून तेही फ्रीजमध्ये ठेवले. नाशिकच्या ब्रूट या स्पार्कलिंग वाइनच्या 750 मिलीच्या तीन बाटल्या मात्र पाहुणे आल्यावरच उघडल्या. बुडबुडे म्हणजे वाइनमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, आणि तो गार द्रवात अधिक टिकतो, म्हणून वाइन भांड्याच्या कडेने सावकाश ओतली आणि अगदी एकदाच हलकेसे ढवळले. ब्रूटमध्ये साखर फार कमी असते, त्यामुळे फळांचा गोडवा तिला शोभतो. न पिणाऱ्यांसाठी तोच रस सोडा घालून वेगळा ठेवला होता. सासूबाईंनी त्याचे दोन पेले घेतले आणि तळाची स्ट्रॉबेरी चमच्याने काढून खाल्ली, तेव्हा मला फार आनंद झाला.