एकशे एकोणीस या आकड्याच्या आत

खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडले, ही बातमी पावसाळ्यात आमच्या घरी सर्वांत आधी तिसरीतला नातू सांगतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, हे त्याने कुठून तरी मिळवले आणि त्या हिशेबाने आमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी ३५ सेकंदांत भरेल, असे जेवता जेवता तोंडी सांगून टाकले. त्याच आठवड्यात शाळेने ‘आमच्या गावची नदी’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. वहीत तीनच ओळी होत्या : मुठा नदी आहे, पूल आहे, पाणी येते. त्याखाली लाल शाईने शेरा होता, ‘हुशार आहे, पण लिहिण्याचा आळस करतो.’

तो वाचून मला आधी राग आला आणि मग ओशाळल्यासारखे झाले, कारण चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवताना हेच वाक्य मी स्वतः कितीतरी प्रगतिपुस्तकांवर लिहिलेले आहे.

निवृत्त शिक्षिकेच्या सवयीने मी ती वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. ‘किरण’ हा शब्द त्याने ‘करिण’ असा लिहिला होता, आणि दोन पानांनंतर पुन्हा तसाच. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारायची व्यंजनानंतर आणि काढायची मात्र त्याच्या आधी. नातू ऐकू येईल त्या क्रमाने लिहितो, त्यामुळे त्याची वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते. रफाराचेही तेच. ‘सूर्य’ लिहिताना त्याचा रफार ‘सू’वर बसतो. ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल होते. ‘तेवीस’ ऐकले की तो ३२ लिहितो, कारण मराठीत एकक आधी बोलले जाते आणि दशक नंतर. (२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ आणले, तेव्हा केवढा गहजब झाला! मीही तेव्हा नाके मुरडणाऱ्यांत होते.) या चुका पहिली-दुसरीत बहुतेक मुले करतात आणि त्यातून बाहेर पडतात. नातवाच्या मात्र तिसरीत आल्यावरही कमी झाल्या नव्हत्या, फळ्यावरून उतरवून घेताना तो अर्ध्या ओळीतच मागे पडत होता आणि पाच ओळी झाल्या की हात झटकत होता.

याच सुमारास घरात दोन मते झाली. सुनेचे म्हणणे, “आई, याची प्रज्ञाचाचणी करून घेऊ या, पाचवीला प्रबोधिनीचा विचार करता येईल.” पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना १९६२ साली झाली आणि बुद्धिमान मुलांसाठीची त्यांची प्रशाला १९६९ साली सुरू झाली. त्यामुळे चुणचुणीत मूल दिसले की सदाशिव पेठेची आठवण निघणे इथे साहजिक आहे. मुलाला, म्हणजे नातवाच्या वडिलांना, अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचणे-लिहिणे जड जाण्याची, शंका येत होती. त्यावर सुनेचा सवाल ठरलेला असे, की इतके बोलणाऱ्या पोराला कसली आली आहे अक्षमता! दोघेही खरे असू शकतील, असे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही. वास्तविक ही गोष्ट नवी नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वाचता न येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत त्यांनी तिथे नोंदवून ठेवले आहे.

अखेर समुपदेशक बाईंनी दोन सकाळी मुलांसाठीची वेक्सलर बुद्धिमापन चाचणी घेतली. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. आत काय झाले ते नंतर नातवानेच सांगितले : लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवताना ‘मजा आली’, आकडे उलट क्रमाने म्हणताना ‘मधलेच हरवले’, आणि आकड्यांखाली ठरावीक खुणा भराभर काढायच्या होत्या तेव्हा ‘बाईंनी घड्याळ लावले आणि माझा हात दुखला’.

अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ११९ हा एकूण बुद्ध्यंक होता. या चाचणीत सरासरी १०० धरलेली असते आणि १३० च्या वर साधारण शंभरात दोनच मुले जातात, म्हणजे नातू ‘बरा हुशार’ ठरला. सुनेचा चेहरा उतरला, मुलाला हायसे वाटले आणि आम्ही उठायला लागलो. बाईंनी आम्हाला थांबवून दुसरे पान उलगडले. शाब्दिक आकलन १३८, आकृतींवरून तर्क करणे १२९, कार्यकारी स्मृती (ऐकलेले डोक्यात धरून वापरणे) ९७ आणि प्रक्रियेचा वेग (साधे काम भराभर उरकणे) ८२. पहिल्या आकड्याच्या हिशेबाने त्याच्या पुढे हजारात पाच-सहा मुले असतील आणि शेवटच्या हिशेबाने मागे शंभरात जेमतेम बारा. इतकी तफावत असताना एकूण आकड्याला फारसा अर्थ उरत नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. शाळेतही हेच होत आले होते. बुद्धीच्या जोरावर तो लेखनातली अडचण निभावून नेत होता, त्या अडचणीमुळे बुद्धी कागदावर उतरत नव्हती, आणि शिक्षकांच्या नजरेला पडत होते ते मध्यम गुणांचे, कंटाळा करणारे मूल.

आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी, मदतीची गरज असणारी मुले ओळखण्यासाठी. डॉ. कामत यांनी तिचे मराठी आणि कानडी रूप तयार केले. बिने-कामत या नावाने ती आजही वापरात आहे. आपण मात्र या चाचणीकडे प्रवेशाचे तिकीट म्हणून पाहतो आणि पहिल्या पानावरचा आकडा वाचून कागद मिटतो. माझे मत विचाराल तर घटकवार गुण नसलेला अहवाल पालकांनी स्वीकारूच नये.

पुढची तपासणी वाचन-लेखनाची. यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला वापरतात आणि राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेतच त्याचे वाचन तपासले पाहिजे, हे वेलांटीच्या उदाहरणावरून कोणालाही पटावे. निष्कर्ष आला, लेखन अक्षमता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तिचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. आपल्या राज्यात दहावीच्या परीक्षेला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण तिसरी-चौथीतल्या मुलाचे काय होईल हे बरेचसे वर्गशिक्षकांवर अवलंबून असते.

अहवाल घेऊन आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी पहिलेच पान वाचले आणि म्हणाल्या, “एकशे एकोणीस म्हणजे सरासरीच्या वर आहे की. मग अक्षमता कसली?” मी दुसरे पान त्यांच्यापुढे सरकवले. पंधरा मिनिटे समजावण्यात गेली आणि पटले असे वाटले नाही. वर्गशिक्षिका तरुण होत्या, तो लाल शेरा त्यांचाच. त्यांनी पान नीट वाचले आणि परिसर अभ्यासाची उत्तरे तोंडी घेण्याचे आपणहून कबूल केले, फळ्यावरच्या मजकुराची छापील प्रतही त्या आता देतात. शुद्धलेखनाची दहा-दहा वेळा लिहायची शिक्षाही बंद झाली. ती शिक्षा मीही वर्षानुवर्षे दिली आहे. आमच्या वर्गात एक मुलगा होता, पाढे तीसपर्यंत तोंडपाठ आणि वही कोरी. त्याला मी किती वेळा ओणवे उभे केले, ते आता आठवते.

सध्या आठवड्यातून दोन दिवस विशेष शिक्षिका येतात. पेन्सिलची पकड, वेलांटीसाठी रंगीत खुणा, थोडे टंकलेखन, असे चालू आहे. वेलांटी अजून चुकते, पण आता चुकली हे त्याला स्वतःला कळते. दुपारी मी त्याची लेखनिक असते. परवा त्याने नदीवरचा तोच निबंध पुन्हा सांगायला घेतला. १९६१ साली पानशेत कसे फुटले, मग खडकवासलाही का टिकले नाही आणि भिडे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली का जातो, असे करत चार पाने झाली. माझा हात भरून आला, म्हणून पाचवे पान दुसऱ्या दिवसावर ठेवले. पाचवीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा की नाही हे घरात अजून ठरलेले नाही. लेखी चाचणीत त्याच्यासाठी काय सोय होऊ शकते, हे आधी विचारून यायचे, एवढेच सुनेने आणि मी ठरवले आहे.