एडिसन गावात पुण्याचे बल्ब

पुण्याहून निघताना आम्ही सहा स्मार्ट बल्ब बॅगेत भरले. सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं वापरलेले, मोबाईलवर चालणारे, हवा तसा पिवळा-पांढरा उजेड देणारे. सगळे धडधाकट होते, टाकून यायला जीव होईना. स्वेटरमध्ये गुंडाळले, भोवती मेतकूट आणि भाजणीची पाकिटं रचली. एकही फुटला नाही. ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला घर लागलं. पहिल्याच रात्री मी एक बल्ब हातात घेतला आणि तो लावायचा कुठे हेच कळेना.

इथल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत झोपायच्या खोलीला छताचा दिवा नसतोच. दाराशेजारचं बटण भिंतीतल्या एका सॉकेटचं असतं आणि त्या सॉकेटला आपण आपला उभा लॅम्प लावायचा. लॅम्प आणला, तर त्याचा होल्डर आट्यांचा. आमचे चार बल्ब पिनांचे, म्हणजे दाबून किंचित फिरवले की अडकणारे. आपल्याकडे घरोघरी असतात तेच. इथल्या आट्यांच्या मापाला ई-26 म्हणतात. 26 म्हणजे मिलिमीटरमधला व्यास आणि ई म्हणजे एडिसन. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. थॉमस एडिसनने 1879 मध्ये ज्या मेन्लो पार्कला आपला बल्ब लोकांना दाखवला, ती जागा याच गावात आहे. तिथे 1938 साली बांधलेला मनोरा उभा आहे आणि त्याच्या टोकावर काचेचा अवाढव्य बल्ब आहे. गावाने एडिसनचं नाव घेतलं 1954 मध्ये. आज त्याच गावात ओक ट्री रोडवर पोहे, साबुदाणा, कोकम सगळं मिळतं आणि दुकानात मराठी कानावर पडतं.

पिनांच्या बल्बला आटे जोडणारा तुकडा ऑनलाइन मिळतो. तो मागवला. लावण्याआधी बाबांना व्हिडिओ कॉल केला, कारण बाबा वीज मंडळात वायरमन होते आणि घरातलं विजेचं कुठलंही काम त्यांना विचारल्याशिवाय करायचं नाही अशी आम्हाला सवय आहे.

"आधी बुडावर काय छापलंय ते वाच," बाबा म्हणाले.

चष्मा लावून वाचलं. 220–240 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 9 वॅट.

"आणि तिकडे किती?"

"120. आणि 60 हर्ट्झ."

"हर्ट्झचं सोड. व्होल्टेज अर्धं आहे. तो तुकडा फक्त आटे बदलतो, वीज नाही बदलत. आणि लावून बघणारच असशील तर समोर बसून राहा. चालू ठेवून झोपू नको."

मी समोर बसले. ॲपने बल्ब शोधला, वायफायला जोडला, बटण दाबल्यावर 'चालू' असं दाखवलं. खोलीत मात्र अंधार. रंग बदलला, उजेड शंभर टक्क्यांवर नेला. ॲप प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होतं आणि बल्ब काळाच. दुसरा लावला तर तो सेकंदाला एकदा लुकलुकला, मंद, आजारी माणसाच्या श्वासासारखा. पाच मिनिटांत दोन्ही काढून ठेवले.

बाबांनी नंतर मला कागदावर आकृती काढून दाखवली. स्मार्ट बल्बच्या पोटात दोन कामं चालतात. वायफायच्या चिपला जेमतेम 3.3 व्होल्ट लागतात आणि तेवढे तिला 120 मधूनही मिळतात. एलईडींची माळ मात्र 230 च्या हिशोबाने ओवलेली असते. वीज लाटेसारखी वरखाली होते. 230 च्या लाटेचा माथा जातो 325 व्होल्टपर्यंत, 120 चा पोचतो फक्त 170 ला. माळेला त्याहून जास्त लागत असेल तर ती पेटणारच नाही. डोकं जागं आणि अंगात ताकद नाही, अशी त्या बल्बची गत होते. काही बल्बांचं सर्किट वेगळं असतं. ते कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढून उजेड देत राहतात, पण आतून तापतात. म्हणून "पेटला ना, मग झालं" असं म्हणू नये.

इथल्या एका ओळखीच्यांनी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा डबा सुचवला. 9 वॅटच्या दिव्यासाठी विटेएवढा, गुंगुंग आवाज करणारा, दिवा बंद असतानाही वीज खाणारा डबा खोलीत ठेवायचा, हे मला मुळीच पटलं नाही. कपडे वाळवायच्या मशीनमागे 240 व्होल्ट असतात असंही कुणी सांगितलं. ते खरं आहे, पण त्या सॉकेटशी बल्बसाठी खेळ करणं निव्वळ धोक्याचं.

उलटा प्रवास तर याहून वाईट, आणि हे सगळ्यांत जास्त तळमळीने मला तुम्हाला सांगायचंय, कारण इथून येणाऱ्यांकडे असे बल्ब हक्काने मागितले जातात. गेल्या दिवाळीत मी नाशिकला दादाकडे दोन बल्ब भेट नेले. बुडावर 120 व्होल्ट लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नाही. इतकं सगळं कळलेलं असूनही नाही. भाच्याने हौसेने स्टुलावर चढून बल्ब फिरवला, खाली उतरला आणि वहिनीने बटण दाबलं. फटाका फुटावा तसा आवाज, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा खटका) खाली, जळक्या प्लॅस्टिकचा वास. अशा बल्बातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, साधारण 200 ते 250 व्होल्ट सोसेल एवढाच असतो, त्याच्यावर 325 आदळले. बुडाशी काजळीचं बोटभर वर्तुळ उमटलं होतं. भाचा तेव्हा स्टुलावर असता तर, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

आमच्या सहांपैकी दोन बल्ब मात्र इथे नीट चालतात. ते टेबललॅम्पसाठी घेतलेले, आट्यांचे, ई-27 मापाचे. एक मिलिमीटरचा फरक इथला होल्डर सांभाळून घेतो. त्यांच्या बुडावर 100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं छापलंय. राउटरवर 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय वेगळं सुरू करावं लागलं, कारण असे बल्ब बहुधा तेवढंच ओळखतात, बाकी काही नाही. उरलेले चार बल्ब मी नाशिकलाच देऊन आले. तिथे ते मजेत आहेत.

या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. इथे बटण वर केलं की दिवा लागतो, आपल्याकडे खाली केलं की. आईचा हात पन्नास वर्षांच्या सवयीने खाली जायचा आणि लॅम्पची वीजच तोडायचा, मग ॲप 'ऑफलाइन' म्हणून बसायचं. शेवटी बटणाशेजारी मी मराठीत चिठ्ठी चिकटवली: 'वर असू दे'. ती अजून तिथेच आहे.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम दुरुस्त केलेली नाही. पुण्यात असताना हॉलमधला दिवा रोज संध्याकाळी सातला आपोआप लागायचा. आई दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावते, ती वेळ. ॲपमध्ये आमचं घर अजून पुण्यालाच आहे, त्यामुळे इथे तो दिवा सकाळी साडेनऊला लागतो. बाहेर लख्ख ऊन, मी कामाच्या मीटिंगमध्ये, आणि कोपऱ्यात पिवळा उजेड पडतो. तेव्हा तिकडे शुभंकरोति चाललेली असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातील, मग तो साडेआठला लागेल.